रॉडवरचं गणित

संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. मनमाडमधल्या एका वेटलिफ्टिंगच्या हॉलमध्ये मी भिंतीलगतच्या बाकावर बसलो होतो. समोर आठवीतली एक मुलगी हाताला खडूची पूड चोळत उभी होती. सरांनी तिला दोनच शब्द सांगितले, "ऐंशी टक्के." क्लीन अँड जर्कमध्ये तिचं तोवरचं सर्वांत जास्त वजन पासष्ट किलो होतं. पासष्टचे ऐंशी टक्के म्हणजे बावन्न. मुलींचा रॉड पंधरा किलोचा, दोन्ही टोकांच्या कॉलर मिळून पाच किलो. राहिले बत्तीस, म्हणजे एका बाजूला सोळा. तिने पिवळी पंधराची प्लेट उचलली, तिच्यापुढे हिरवी एक किलोची लावली, कॉलर आवळली आणि दुसऱ्या बाजूला गेली. हे वाचायला लागावा तेवढाही वेळ तिला या सगळ्याला लागला नाही. पुढचा सेट पंच्याऐंशी टक्क्यांचा होता. ते येतात सव्वापंचावन्न. सव्वाची प्लेट कुठून आणणार? तिने पंचावन्न धरले, एकची प्लेट काढून अडीचची लावली. सरांनी मान हलवली.

मी गणिताचा शिक्षक. तेवीस वर्षं आठवी ते दहावीला गणित शिकवलं. शेकडेवारी आणि आसन्न किंमत हे दोन्ही धडे मी फळ्यावर असंख्य वेळा उतरवले आहेत. सेट संपल्यावर मी त्या मुलीला गणितात किती पडतात ते विचारलं. ती लाजली. "काठावर," म्हणाली.

हा लेख त्या "काठावर" या शब्दाबद्दल आहे. जी मुलगी रॉडजवळ उभी राहून बिनचूक शेकडेवारी काढते, ती वर्गात काठावर का असते? आणि ती काठावर आहे याचा दोष आपण इतक्या सहजपणे तिच्या खेळाला का देतो?

या प्रश्नात माझाही वाटा आहे, तो आधी सांगतो. दहावीच्या वर्गाला आठवड्यात खेळाचे जे तास असत, ते दिवाळीनंतर मीच मागून घेत असे. पीटीचे सर कधी नाही म्हणाले नाहीत. नाही म्हणून उपयोगही नव्हता, कारण पालक, मुख्याध्यापक आणि मी, आम्हा सगळ्यांचं एकमत होतं: आधी दहावी, मग मैदान. मुलं वर्गात बसत. खिडकीतून मैदान दिसे. मी भूमितीची प्रमेयं सोडवून घेई. माझ्या विषयाचा निकाल चांगला लागला की मला वाटे, ते तास सार्थकी लागले. त्या तासांशिवाय निकाल काय लागला असता हे मी कधी तपासलं नाही. जो मनुष्य वर्गात मुलांना सिद्धतेशिवाय एक पायरी पुढे जाऊ देत नसे, त्याने स्वतःच्या या गृहीतकाला सिद्धता कधी मागितली नाही.

आता त्या हॉलच्या गावाकडे येतो. एरवी मनमाड खेळासाठी सोयीचं गाव नाही. नांदगाव तालुक्यातलं हे जंक्शन. मुंबई-भुसावळ मार्गावर बसलेलं, इथून एक फाटा दौंडकडे जातो आणि एक छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचं औरंगाबाद)-नांदेडमार्गे सिकंदराबादकडे. रेल्वेचा इंजिनिअरिंग कारखाना १९०६ पासून इथे आहे. अन्न महामंडळाची अवाढव्य गोदामं आहेत. पाणी मात्र नाही. वागदर्डी धरण आटलं की नळाला पंधरा-वीस दिवसांनी पाणी येतं, हे मनमाडकरांच्या दोन पिढ्यांनी पाहिलं आहे. अशा गावात हिरवळीचं मैदान कोण राखणार? वेटलिफ्टिंगला एक खोली, भक्कम जमीन, रॉड आणि प्लेटा लागतात. तो खेळ इथेच रुजला, याचं एक कारण मला तरी ही टंचाई वाटते. जय भवानी व्यायामशाळा आणि छत्रे विद्यालय ही नावं त्यासाठी राज्यभरातल्या स्पर्धांत ओळखीची झाली. प्रवीण व्यवहारे यांच्यासारख्या प्रशिक्षकांनी मुलं घडवली, आणि मुलांहूनही अधिक मुली घडवल्या. जून २०२२ मध्ये मेक्सिकोतल्या लिऑन शहरात जागतिक युवा वेटलिफ्टिंग स्पर्धा झाली. तिथे मुलींच्या ४० किलो गटात मनमाडच्या आकांक्षा व्यवहारेने स्नॅचमध्ये ५९ आणि क्लीन अँड जर्कमध्ये ६८, असे एकूण १२७ किलो उचलून रौप्यपदक घेतलं. ४० किलोंच्या आतल्या देहाने १२७ किलो. ज्या गावात बायका हंडे मोजून पाणी भरतात, त्या गावात मुली आता वेगळी वजनं मोजू लागल्या आहेत.

असं काही घडलं की गावात दोन वाक्यं एकाच वेळी ऐकू येतात. एक, "शाळेला खेळाची शाळा म्हणून दर्जा मिळायला हवा." दुसरं, "पण निकालाचं काय?" दोन्ही वाक्यं बहुधा एकाच तोंडून येतात. म्हणून या दर्जा नावाच्या गोष्टीकडे जरा बाहेर जाऊन पाहू.

इंग्लंडमध्ये हा प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर झाला. तिथे १९४४ च्या कायद्यानंतर वयाच्या अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन हुशार मुलं ग्रामर स्कूलमध्ये वेगळी काढली जात, आणि काही भागांत अजूनही काढली जातात. पुढे नव्वदच्या दशकात सरकारने माध्यमिक शाळांना एखाद्या विषयात विशेष दर्जा देण्याची योजना आणली. आधी तंत्रज्ञान, मग भाषा, कला, आणि १९९७ पासून क्रीडा. शाळेने बाहेरून पन्नास हजार पौंड उभे करायचे, पुढच्या काही वर्षांचा आराखडा द्यायचा. मग सरकार एक लाख पौंड एकरकमी देई आणि शिवाय दर विद्यार्थ्यामागे दरवर्षी काही रक्कम देई. क्रीडा दर्जाच्या शाळेला दहा टक्क्यांपर्यंत मुलं खेळातला कल पाहून घेण्याचीही मुभा होती. काही ग्रामर स्कूलनीही हा दर्जा घेतला.

निकाल चांगले आले. विशेष दर्जाच्या शाळांची टक्केवारी बाकीच्यांपेक्षा वर असल्याचे आकडे झळकू लागले. पण ज्या शाळेत अकराव्या वर्षीच परीक्षेने निवडलेली मुलं येतात, तिने दाराशी क्रीडा दर्जाची पाटी लावली आणि तिचा निकाल उत्तम लागला, तर ते श्रेय कोणाचं? मुलांच्या निवडीचं, जादा पैशाचं, आराखडा लिहून काढू शकणाऱ्या खमक्या मुख्याध्यापकाचं, की खेळाचं? पन्नास हजार पौंड उभे करू शकणारी शाळा मुळातच धडधाकट असते. तिथल्या संशोधकांनी यावर वर्षानुवर्षं वाद घातला. तोवर दहापैकी नऊ माध्यमिक शाळा कुठल्या ना कुठल्या विषयात विशेष होऊन बसल्या होत्या, आणि सगळेच विशेष झाल्यावर तुलना करायला साधी शाळाच उरेना. २०१० साली आलेल्या सरकारने त्या योजनेचा वेगळा निधी थांबवला.

शिक्षक म्हणून मला यातून एक गोष्ट पक्की दिसते. पाटीवरून काही सिद्ध होत नाही. निवडून घेतलेल्या मुलांचा निकाल हा शाळेच्या शिकवण्याचा पुरावा नव्हे. आपल्याकडेही "आमचे खेळाडू अभ्यासातही पुढे" असं वार्षिक अहवालात लिहिणाऱ्या शाळा आहेत. ते खरंही असेल. पण शिस्तीची, घरून पाठिंबा असलेली, पोटभर जेवणारी मुलं दोन्हीकडे पुढे असतातच. त्यांच्यावरून नियम काढता येत नाही.

मग खेळाला वेळ दिल्याने अभ्यास बुडतो का, याचा प्रामाणिक तपास कोणी केला आहे का? केला आहे, आणि तो मला फार आवडतो, कारण त्याची मांडणी एखाद्या चांगल्या प्रमेयासारखी आहे. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात त्रुआ-रिव्हिएर नावाचं गाव आहे. तिथे आणि जवळच्या खेड्यात १९७० च्या सुमारास रॉय शेफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राथमिक शाळांतल्या ५४६ मुलांचा अभ्यास सुरू केला. निवड कसलीच नाही. एका तुकडीला शाळेत रोज एक तास शारीरिक शिक्षण, तेही त्या विषयाच्या शिक्षकाकडून. त्याच शाळांतल्या आधीच्या आणि नंतरच्या वर्षीच्या तुकड्यांना नेहमीचं वेळापत्रक. रोजचा तास काढण्यासाठी बाकी विषयांचा वेळ तेरा-चौदा टक्क्यांनी कापावा लागला. पहिलीत खेळणारी मुलं थोडी मागे राहिली. पुढच्या इयत्तांत मात्र ती किमान बरोबरीत आली आणि बऱ्याच ठिकाणी पुढे गेली. सातव्या भागाइतका वेळ काढून घेतला आणि शिकणं कमी झालं नाही. मी दिवाळीनंतर जे तास मागून घेत होतो, त्या तासांचा हिशेब मला इथे, निवृत्तीनंतर, मिळाला.

याचा उलटा पुरावाही आहे, तो लपवणं योग्य नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी १९६१ साली इलिनॉय राज्यातल्या दहा शाळांवर पुस्तक लिहिलं. त्यांना दिसलं की तिथल्या मुलांच्या जगात मान खेळाडूला मिळतो, अभ्यासू मुलाला मिळत नाही. साहजिकच हुशार मुलंही आपली ताकद मान मिळेल तिकडे वळवतात. शाळा सगळी खेळाभोवती फिरू लागली तर असंही होतं. पूर्व जर्मनीत तर मुलांच्या खास क्रीडाशाळांमधून पदकांचा कारखानाच उभा राहिला आणि पुढे तिथल्या किशोरवयीन खेळाडूंना राज्यसंस्थेनेच उत्तेजकं दिल्याचं उघड झालं. तेव्हा रोजचा एक तास सगळ्यांसाठी, ही एक गोष्ट झाली. निवडक दहा मुलांना पदकासाठी घडवणं ही दुसरी. पहिल्या गोष्टीचा अभ्यासाला त्रास नाही असं मी आता छातीवर हात ठेवून सांगेन. दुसऱ्या गोष्टीत त्रास आहे, खराखुरा आहे, आणि तो कोण सोसणार हा प्रश्न आहे.

महाराष्ट्राने या प्रश्नाचं एक उत्तर फार पूर्वी पाहिलं आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकायला गेले. अंगाने लहानखुरे. कॉलेजच्या क्रीडा शिक्षकाने त्यांना स्पर्धेत घ्यायला नकार दिला, तेव्हा ते थेट प्राचार्यांकडे गेले. प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी त्यांना उतरू दिलं. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये खाशाबा सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ही गोष्ट आपण कुस्तीची म्हणून सांगतो. मला ती एका प्राचार्याची गोष्ट वाटते. राजाराम कॉलेजला कोणी क्रीडा दर्जा दिलेला नव्हता. विद्येच्या परंपरेचं ते कॉलेज. पण या विद्यार्थ्याचं जे काही व्हायचं आहे ते माझ्या अंगणात व्हायचं आहे, ही जबाबदारी तिथल्या प्रमुखाने घेतली.

त्यानंतर पुढचं वैयक्तिक पदक मराठी माणसाला मिळायला ७२ वर्षं लागली. १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांनी कांस्य जिंकलं. वडील शिक्षक, आई गावची सरपंच. या शिक्षकाने २००९ साली आपल्या मुलाला राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत घातलं. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बालेवाडीचं शिवछत्रपती क्रीडासंकुल उभं राहिलं आणि त्यापाठोपाठ १९९६ पासून या निवासी प्रबोधिन्या सुरू झाल्या. लहान वयात मुलांची उंची, वजन, धाव, उडी, मेडिसिन बॉलची फेक, लवचिकता मोजून त्यांना निवडायचं, राहणं-जेवण-शिक्षण-प्रशिक्षण सगळं सरकारने करायचं. स्वप्नीलने पहिलं वर्ष नुसत्या शारीरिक तयारीत काढलं, मग नेमबाजी निवडली. नाशिकशी त्याचं नातं प्रबोधिनीच्याच वाटेने जुळलं. २०१५ साली तो मध्य रेल्वेत टीसी म्हणून लागला.

मनमाडसारख्या गावात हे शेवटचं वाक्य सगळ्यांत आधी वाचलं जातं. पदक नंतर, टीसीची नोकरी आधी. यात क्षुद्र असं काही नाही. रेल्वेच्या गावात वाढलेल्या मुलाला फलाटावरचा काळा कोट रोज दिसतो. रेल्वेचं क्रीडा मंडळ १९२८ पासून आहे आणि देशाच्या खेळाला त्याने जितकं जगवलं तितकं क्वचितच दुसऱ्या कोणी जगवलं असेल. पण या क्रीडा कोट्याची जी पायरी-पायरीची रचना आहे ती आमच्या भागातल्या फार थोड्या पालकांनी नीट वाचली आहे. सर्वांत खालच्या श्रेणीला दहावी किंवा आयटीआय लागते. त्यावरच्या दोन श्रेणींना बारावी. त्याच्याही वरच्या दोन श्रेणींना पदवी. म्हणजे पदक दार उघडतं, पण कितव्या पायरीवर उभं राहायचं हे गुणपत्रिका ठरवते. "खेळ आहे ना, मग अभ्यास कशाला," असं म्हणणारा आणि "अभ्यास आहे, मग खेळ कशाला," असं म्हणणारा, दोघेही तो तक्ता वाचत नाहीत.

आणि आता त्या पंचवीस गुणांकडे येतो, ज्यांच्यासाठी खरं म्हणजे मी हे लिहायला बसलो.

दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात. स्पर्धेची पातळी जितकी वरची तितके गुण जास्त, सर्वांत वर पंचवीस. शाळा प्रस्ताव करते, जिल्हा क्रीडा कार्यालयातून तो मंडळाकडे जातो. दहावीचा निकाल उत्तम पाच विषयांच्या पाचशे गुणांवर धरतात, तेव्हा पंचवीस गुण म्हणजे थेट पाच टक्के. पुढे सरकारी नोकरीतही खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, २००५ सालापासून. या सवलती बंद करा असं मी म्हणत नाही. ज्या मुलाने वर्षातले कित्येक आठवडे राज्यासाठी घाम गाळला, त्याचा हिशेब कुठेतरी लागलाच पाहिजे.

पण एक शिक्षक म्हणून मला हे गुण बोचतात, आणि त्याचं कारण मी पुष्कळ दिवस स्वतःलाही नीट सांगू शकत नव्हतो. शालेय स्पर्धांची साखळी पाहा. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय. पावसाळ्यात सुरू होते, हिवाळ्यापर्यंत चालते. तालुक्यात हरलेला मुलगा दुसऱ्या दिवशी वर्गात असतो. जिल्ह्यात जिंकलेला विभागाला जातो, विभागात जिंकलेला राज्याला, मग सराव शिबिर, मग राष्ट्रीय. जो जितका जिंकतो तितके त्याचे तास बुडतात. हरणारा वर्गात परततो आणि जिंकणारा मागे पडत जातो. बीजगणितातलं वर्गसमीकरण शिकवलं गेलं तेव्हा तो बालेवाडीत होता, त्रिकोणमिती सुरू झाली तेव्हा परराज्यातल्या कुठल्याशा शाळेच्या खोलीत सतरंजीवर झोपला होता. तो परत आल्यावर प्रार्थनेच्या वेळी त्याचा सत्कार होतो, टाळ्या होतात, गुलाबाचं फूल देतात. आणि मग बुडालेल्या तासांचं काय होतं? काही होत नाही. शेवटी त्याला पंचवीस गुण मिळतात.

वर्गसमीकरण त्याला येत नाही ते नाहीच येत. पंचवीस गुणांनी ते येणार नाही. ते गुण गुणपत्रिकेत भरतात आणि डोक्यातली जागा रिकामीच राहते. अकरावी सायन्सला किंवा डिप्लोमाला तो त्या टक्क्यांच्या जोरावर जातो, पहिल्याच सहामाहीत कोसळतो, आणि आपण म्हणतो, खेळाडूंचं असंच असतं. शाळेने शिकवायचं होतं, तिने गुण मिळवून दिले आणि ती मोकळी झाली. मीही मोकळा झालो होतो. माझ्या हातून असे निदान चार-पाच विद्यार्थी गेले ज्यांचा सत्कार मी टाळ्या वाजवून केला आणि ज्यांना बुडालेला एकही धडा पुन्हा शिकवला नाही. मला कोणी सांगितलं नव्हतं हे खरं. मला सुचलंही नव्हतं, हे जास्त खरं.

गुण ही किंमत झाली की बाजारही भरतो. काही वर्षांपूर्वी ट्रॅम्पोलिनसारख्या खेळाची बनावट प्रमाणपत्रं काढून सरकारी नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणं राज्यात उघडकीला आली. ज्यांनी कधी उडी मारली नव्हती त्यांच्याकडे उडीचे दाखले होते. शिकवणीची बनावट प्रत काढता येत नाही. मुलाला पुन्हा शिकवलेला धडा कोणाला विकता येत नाही.

म्हणून एखादी शाळा खेळाचा दर्जा मागते तेव्हा तिला प्रशिक्षक किती, मैदान केवढं, पदकं किती हे विचारण्याआधी, तुमचा विजेता परत आल्यावर त्याला गणित कोण शिकवतं, हे विचारावं असं मला वाटतं. याला फार पैसा लागत नाही. बुडालेल्या तासांची एक वही लागते. स्पर्धेनंतरच्या पंधरा दिवसांत सकाळी शाळेआधी एक तास देणारे तीन शिक्षक लागतात. चाचणी परीक्षा दुसऱ्या तारखेला घेण्याची तयारी लागते. आणि प्रशिक्षक व विषयशिक्षक यांनी महिन्यातून एकदा एकाच खोलीत बसावं लागतं. माझ्या तेवीस वर्षांत मी आमच्या पीटीच्या सरांशी एखाद्या विद्यार्थ्याच्या गणिताबद्दल एकदाही बोललो नाही, आणि त्यांना तर माहीत होतं की हाच मुलगा मैदानावर मिनिटाला किती पावलं पडतात याचा हिशेब ठेवतो.

त्या हॉलमधल्या मुलीकडे एक वही होती. मी ती चाळली. तारीख, व्यायामाचा प्रकार, वजन, आवर्तनं, सेट. आठवड्याची बेरीज. एका पानावर तिने स्पर्धेचा आराखडा मांडला होता: स्नॅचचे तीन प्रयत्न, क्लीन अँड जर्कचे तीन. पहिला प्रयत्न किती किलोचा सांगायचा, समोरचीने किती सांगितलं तर आपण किती वाढवायचं, पहिला चुकला तर काय. नाव पुकारल्यावर मिनिटभरात रॉड उचलायला हवा, तेव्हा हा विचार आधीच झालेला असावा लागतो. शक्यतांचा हा तक्ता मी दहावीला संभाव्यता शिकवताना फळ्यावर काढत असे त्यापेक्षा स्वच्छ होता. तिच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंनी ही वही पाहिली आहे का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "ही इथली वही आहे ना."

इथली वही आणि तिथली वही. मुलगी एकच आहे.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण निकालाच्या टक्केवारीत ती कधी दिसत नाही. शालेय स्पर्धा चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालच्या गटांत होतात, आणि त्यात उतरायला शाळेच्या पटावर नाव असावं लागतं. आमच्या तालुक्यात, शेजारच्या येवल्यात, चांदवडमध्ये, ऊसतोडीला किंवा कांदा काढणीला जाणाऱ्या घरांतून दहावीनंतर मुलीचं नाव पटावरून किती सहज जातं हे मी पाहिलं आहे. आधी बुडालेले दिवस, मग बुडालेला महिना, मग स्थळ. ज्या मुलीला पुढच्या वर्षी सतरा वर्षांखालच्या गटात उतरायचं आहे, तिच्यासाठी कोणीतरी घरी येऊन वडिलांशी बोलतं. तो बहुधा पीटीचा शिक्षक असतो. ती अकरावीला नाव घालते. अभ्यासातलं यश मोजताना आपण ऐंशी टक्क्यांवरची मुलं मोजतो. जी शाळेत राहिली, ती मोजायला आपल्याकडे रकाना नाही. चांदवड तालुक्यातल्या वडाळीभोईची संजीवनी जाधव २०१७ साली तैपेईच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये रौप्य घेऊन आली. ते विद्यापीठाचं पदक आहे, कॉलेजात असलेल्या मुलीचं. त्याच तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ, ज्याच्या गावात पोहायला पाणी नाही, सैन्यात गेल्यावर नौकानयन शिकला आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तेरावा आला. दत्तूचा खेळ सैन्याने ओळखला, शाळेने नाही. असे आणखी किती आमच्या वर्गांतून ओळखीशिवाय निघून गेले असतील, याचा विचार केला की मला माझ्या हजेरीपटाची जुनी पानं आठवतात.

आणि ज्याच्या जिवावर हे सगळं उभं राहायचं, तो पीटीचा शिक्षक आता शाळांतून कमी होतो आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला मैदान हवं असं म्हटलं, पण सहावी ते आठवीसाठी शारीरिक शिक्षण, कला आणि कार्यानुभव यांना शंभरावर पट असेल तर अंशकालीन निदेशक दिला. अंशकालीन. जो माणूस सकाळी मैदानावर असतो, संध्याकाळी हॉलमध्ये, सुट्टीत स्पर्धेला आणि रात्री एखाद्या पालकाच्या ओसरीवर, त्याच्या कामाला अर्धा काळ म्हणणं मला फार लागतं. शाळेला क्रीडा दर्जा देण्याआधी हे पद पूर्ण वेळेचं करा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर अशी कडक भिंत नको असं म्हटलं आहे. ती भिंत कागदावर नव्हती, वेळापत्रकात आणि पगारपत्रकात होती, आणि अजून तिथेच आहे.

गेल्या हिवाळ्यात मी पहाटेच्या गाडीने मुंबईहून परत येत होतो. मनमाडला उतरलो तेव्हा थंडी चांगलीच होती. पुढच्या डब्यातून ट्रॅकसूट घातलेली सहा-सात मुलं-मुली उतरली, पाठीवर मोठ्या बॅगा, एकाच्या गळ्यात अजून पदक. त्यांचे सर चहाच्या स्टॉलवर चहा मोजून घेत होते. मी जवळ जाऊन विचारलं. राज्य स्पर्धा संपवून आले होते, अकरा दिवसांनी घरी चालले होते. एक मुलगा बाकावर बसून वहीत काहीतरी उतरवून घेत होता, शेजारच्या मुलीच्या मोबाइलवर कोणीतरी वर्गातल्या फळ्याचा फोटो पाठवला होता. फोटो तिरपा होता, फळ्याचा उजवा कोपरा कापला गेला होता आणि नेमकं तिथेच उत्तर होतं.

"हे शेवटचं कसं आलं?" तो मला विचारू लागला. मी गणित शिकवायचो हे त्याला माहीत नव्हतं. मी त्याच्या शेजारी बसलो आणि पेन मागून घेतलं.